लाल दोऱ्याची टोपली

२० जानेवारी २०२५, सोमवार

पाटी लागली एकदाची! गोदामाच्या दाराशी, डोळ्यांच्या उंचीवर. 'आत माती, बी, धान्य, फूल, पान, खाऊ — काहीही न्यायचं नाही.' मराठीत, हिंदीत, आणि खाली माझ्या हौसेखातर एक ओळ संस्कृतात — बीजं न प्रवेशयेत्. प्रफुलभाऊ बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पंडितजी, खालची ओळ उंदरांसाठी हाय का?"

मालक आहेत, बोलू शकतात.

पण पाटी हवीच. वेणुवनच्या टोपल्या आजवर पुण्या-मुंबईच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. आता पहिला कंटेनर मेलबर्नला. आणि ऑस्ट्रेलियात बांबू पाहुणा म्हणून उतरत नाही, संशयित म्हणून उतरतो! धुरी दिल्याचा दाखला, किडा नसल्याचा दाखला, मालाखालच्या लाकडी फळ्या भट्टीतून काढल्याचा शिक्का. त्या शिक्क्यात गव्हाची लोंबी कोरलेली असते. आणि गव्हाचा एक खरा दाणा आत सापडला, तर सगळा माल अडकतो. असल्या देशाशी माझं जमेल. मीही कोणावर विश्वास ठेवत नाही.

संस्कृतात एम.ए. करायचं म्हटलं तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, खाशील काय? आज असते तर सांगितलं असतं — बांबू. चंद्रपुरात बसून परदेशी पत्रव्यवहार करतो, मूल रोडवरच्या ऑफिसात, पंख्याखाली.

रंजीता ताट वाढता वाढता म्हणाली, "अहो, तुमच्या त्या डब्यातून मूठभर तांदूळ गेले तर काय होते?" मी नियम सांगितले, पाटीसकट. तिनं मुकाट ऐकून घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं बोलणं तिनं असं मुकाट कधी ऐकलेलं नाही. लक्षात ठेवायला हवं.

२२ जानेवारी, बुधवार

शेवटचे खोके आज चढले. सगळ्यांच्या घरचे बघायला आलेले. बायका संक्रांतीच्या साड्यांत — हळदीकुंकवाचे दिवस, कंटेनर हेही एक निमित्त.

प्रफुलभाऊंच्या आई, मनकर्णाबाई — गोदामात सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात — आरतीचं ताट घेऊन थेट कंटेनरच्या तोंडाशी! मी आडवा झालो. "मोठ्या बाई, आत फूल नाही, अक्षत नाही. नारळ बाहेर फोडा, चाकापाशी."

"पहिल्यांदा घराभाईर चालली वस्तू, अन् कोरडीच पाठोता?"

"नियम आहे."

"कोनाचा?"

"ऑस्ट्रेलियाचा."

"ते इथी येऊन पाह्यनार हाय का?" असं म्हणून त्यांनी नारळ चाकापाशी फोडला. पण फोडताना माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्यावरून नारळाच्या जागी कोण होतं ते कळलं.

रंजीता पॅकिंगच्या टेबलाशी वच्छलाबाईंना खोदून खोदून विचारत होती, टोपल्या एकात एक कशा रचता, शेवटची कुठली, सगळ्यात मोठी कुठली. घरातली एक टोपली ही बाई जागेवर ठेवत नाही! वच्छलाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. हेमलकशाच्या पुढे कुठेतरी त्यांचं गाव. चार वर्षं पॅकिंग त्यांच्याकडे आहे. त्यांच्या हातचं खोकं वरून खाली टाका, टोपलीची काडी हलणार नाही.

संध्याकाळी धुरीवाले आले. दारं बंद करून वायू सोडला. आता आत झुरळ असेल तर त्याचं कल्याण असो.

२४ जानेवारी

काल सील ठोकलं, नंबर दोनदा मोठ्यानं वाचला, ट्रेलर नागपूरकडे निघाला. तिथून रेल्वेनं बंदरावर, बंदरावरून जहाज. आज ट्रेलरचा नकाशा काढून बघितला, तर गाडी वरोऱ्याला चांगली तासभर उभी! ट्रेलरच्या चालकाला, राजदीपला फोन.

"राजदीप, वरोऱ्याला काऊन थांबला होतास?"

"चहा पेऊन राह्यलो होतो, पंडितजी."

"तासभर?"

"गरम होता."

हा मुलगा एक तर फार सरळ आहे, नाहीतर फार बेरकी. दुसरंच धरून चालतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

जहाज कोलंबोला. तिथे आमचा डबा एका जहाजातून उतरून दुसऱ्यात चढायचा होता. दुसरं जहाज जागा नाही म्हणून तसंच पुढे गेलं. म्हणजे आमच्या एस.टी.सारखंच, फक्त मोठं. पुढचं मिळेल तेव्हा.

रंजीताला हे सांगितलं तर तिचा चेहरा उतरला! "पन मार्चात पोचते नं? सुरुवातीले?" पोचेल म्हटलं. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि पोळ्या लाटायला गेली. गेल्या वीस वर्षांत माझ्या कुठल्या कामाची तारीख या घरात विचारली गेलेली नाही.

दिव्यानीचा रविवारचा फोन. लेक आणि जावई मेलबर्नलाच असतात. मी खोलीत आलो की मायलेकींचं बोलणं एकदम हवेवर येतं. "हो का, ऊन आहे का?" मी गेलो की आवाज खाली. आज दारामागे थोडा थांबलो. नीट ऐकू आलं नाही. फक्त "बाबांना नको". काय नको बाबांना? प्रवीणशी बिनसलंय का तिचं? की मला नोकरी सोडायला लावून तिकडे न्यायचा घाट आहे?

सरळ विचारायची सोय राहिलेली नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडून गोड बातमी आली होती. मी तिसऱ्या महिन्यातच ऑफिसभर पेढे वाटले. चौथ्यात सगळं संपलं. तेव्हापासून मीही फोनवर हवेचंच बोलतो.

१० मार्च, सोमवार

घात झाला.

सकाळी हेलनबाईंचं पत्र. मेलबर्नला आमचा माल घेणाऱ्या त्या. नेहमी पत्राच्या शेवटी हसरा चेहरा काढतात. आज नाही. कंटेनर जैवसुरक्षावाल्यांनी अडवला. शेवटच्या खोक्यात सगळ्यात मोठी टोपली, तिच्या कडेला लाल दोरा, आत कापडाचं गाठ मारलेलं पुडकं. पुडक्यात धान्य, 'कसलंसं पिवळं मूळ', आणि आणखी काही कठीण बिया. कागदोपत्री कुठेही न दाखवलेल्या.

माझी पाटी! माझी संस्कृत ओळ!

हेलनबाई मुद्द्याचं लिहितात. माल तपासून, पुन्हा धुरी देऊन कदाचित सुटेल. पण पुडकं कुणी ठेवलं, कसं ठेवलं, पुन्हा होणार नाही कशावरून — हे महिनाअखेरपर्यंत लेखी हवं. नाहीतर पुढच्या वर्षाची ऑर्डर विसरा.

पुढच्या वर्षाची ऑर्डर म्हणजे सहा गावांतलं विणकाम. प्रफुलभाऊंनी पत्र माझ्याकडून मराठीत ऐकलं आणि पाण्याचा ग्लास मागितला.

११ मार्च

अनुमान करतो. डोंगरावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे — न्यायशास्त्रातला पहिला धडा. इथे पुडकं आहे, म्हणून ठेवणारा आहे. सील शाबूत होतं, हे तिथल्या अधिकाऱ्यानंच लिहिलंय. म्हणजे राजदीप सुटला. त्याचा चहा खरंच गरम असावा. बंदरावरचे सुटले, कोलंबो सुटलं.

उरलो आम्ही.

नागपूरच्या एका व्यापाऱ्यालाही ही ऑर्डर हवी होती. आमचा माल एकदा बदनाम झाला की रस्ता मोकळा. आमच्यातलंच कुणी त्यानं फोडलं असेल तर? आज सगळ्यांचे चेहरे बघत फिरलो. सगळेच अपराधी दिसतात. हिशेबातली पूनम मला बघून दचकली. नंतर कळलं, ती ड्रॉवरमध्ये भेळ खात होती.

१३ मार्च, होळी

प्रफुलभाऊंनी पॅकिंगच्या बायकांना बोलावलं. तिकडून आलेला फोटो दाखवला. धूसर आहे, अंधारात काढलेला. टोपली, लाल दोरा, पुडक्याची गाठ. कापडाचा रंगही कळत नाही.

"लाल दोरा, हळद अन् धान," प्रफुलभाऊ म्हणाले. "हे जादूटोण्याचं हाय, पंडितजी. कोनीतरी करनी केली आपल्या मालावर."

आणि बोलता बोलता त्यांची नजर वच्छलाबाईंवर गेली. खरं लिहायचं तर माझीही गेली. जंगलातल्या गावची बाई, म्हणून. आमच्या देवघरातही लाल दोरा आहे, हळद आहे, तांदूळ आहेत — ते त्या क्षणी आठवलं नाही.

वच्छलाबाईंनी फोटो हातात घेतला. बघितला. परत दिला. "मीच ठेवलं."

प्रफुलभाऊंनी फोटो टेबलावर पालथा ठेवला.

"काऊन ठेवलं?" प्रफुलभाऊ.

"ठेवाचं होतं."

"कोनी सांगतलं?"

"ते नाई सांगत."

"पैसे देल्ले का कोनी?"

यावर त्यांनी प्रफुलभाऊंकडे असं बघितलं की ते खुर्चीत नीट बसले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "नाव सांगा, नाईतर पाडव्यापासून दुसरी बाई ठेवतो. तोवर घरी राहा." वच्छलाबाईंनी डबा घेतला, पायात चप्पल घातली आणि गेल्या. ज्या टेबलाशी चार वर्षं उभ्या राहिल्या, त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही.

घरी एक अक्षर बोललो नाही. रंजीताची आणि मोठ्या बाईंची भिशी एकच आहे. आज घरात बोललो तर उद्या पठाणपुऱ्यात, मोठ्या बाईंच्या घरी. प्रफुलभाऊंनीही आईला कळू दिलेलं नाही. रंजीतानं विचारलंच, "वच्छला दिसली नाई आज होळीले?" गावी गेली म्हटलं, मोहाचे दिवस आहेत.

हिला वच्छलाबाईंची इतकी चौकशी कशाला?

१४ मार्च

धुळवड. कुणीतरी माझ्या पाटीवर गुलाल फेकला. संस्कृत ओळ तेवढी वाचली.

१९ मार्च, बुधवार

हेलनबाईंना बांबू कुठल्या गावचा, कुणी तोडला, कुणी विणला, हेही हवं आहे. मी म्हटलं, मी जातो. खरं कारण वच्छलाबाई. त्यांच्यामागे कुणीतरी आहे, याबद्दल माझी खात्री आहे. ठेवणारा हात एक, ठेववणारा दुसरा.

पहाटेची एस.टी. आष्टी, आलापल्ली. तिथे गाडी बदलली. पुढे दोन्ही बाजूंना जंगल, आणि मोहाची झाडं लागली की खाली माणसं वाकलेली. बायका, म्हातारे, पोरं — टोपल्या घेऊन फुलं वेचतात. आमच्याच विणीच्या टोपल्या. मेलबर्नला यातच कुणीतरी सफरचंदं ठेवेल.

वच्छलाबाई अंगणात मोह पसरून वाळवत होत्या. मला बघून चकित झाल्या नाहीत. बाज पुढे केली. "बसा, साहेब. चहा काळा चालते नं?"

चालतो म्हटलं. साखर इतकी होती की चमचा उभा राहिला असता.

मी गोडीत घेतलं. म्हटलं, "वच्छलाबाई, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्हाला हे करायला कुणी लावलं तेवढं सांगा. नागपूरचा तो माणूस आला होता का?"

त्या हसल्या! तोंडाला पदर लावून हसल्या. "नागपूरचा? त्याले पुडकं बांधता येते का?"

"मग कोण?"

"साहेब, त्याच्यात वाईट काई नव्हतं. ज्यानं देल्लं त्यानं सांगावं. मी शब्द देल्ला हाय."

"तुमचं काम जाईल. पाडव्याला दुसरी बाई उभी राहील तिथे."

"जाईन तं जाईन. मोह हाय, बांबू हाय." पण हे म्हणताना हात मोहाच्या फुलांवर थांबला होता. थोरली पोर चंद्रपूरला नर्सिंगला आहे, वसतिगृहात. ते मोहावर भागत नाही, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही.

दुपारी निघताना दारापर्यंत आल्या आणि एकदम विचारलं, "तुमची पोरगी बरी हाय नं, साहेब? तिकडं?"

माझी पोरगी? माझ्या पोरीचा इथे काय संबंध?

बरी आहे म्हटलं. "बेस झालं," म्हणाल्या, आणि खरंच बेस झाल्यासारखा चेहरा केला.

परतीच्या गाडीत विचार केला. प्रश्न टाळायचा असला की माणूस दुसऱ्याच्या लेकराबाळांची चौकशी करतो. जुनी युक्ती. पण दिव्यानी तिकडे असते हे यांना सांगितलं कुणी? त्या पेढ्यांनंतर मी कामावर घरचं बोलत नाही. म्हणजे माझ्यावरही कुणी नजर ठेवून आहे.

२१ मार्च

हेलनबाईंचं पत्र. माल पुन्हा धुरी देऊन सोडायला अधिकारी राजी. प्रश्न फक्त पुडक्याचा — आमच्या खर्चानं परत पाठवायचं, की तिथेच जाळायचं? मालकानं सांगावं.

प्रफुलभाऊ म्हणाले, "तुमीच लिवा, पंडितजी. मले तं ते पुडकं सपनात दिसते."

लिहिलं. त्वरित जाळावे, परत नको. आणि त्याखाली — ज्यानं कुणी ही घाण आत घातली त्याचा आम्ही शोध घेत आहोत. इंग्रजीत 'घाण'साठी एक छान शब्द सापडला. तो घातला. फार दिवसांनी एखादं वाक्य लिहून बरं वाटलं.

वच्छलाबाईंचं नाव अजून कळवलेलं नाही. प्रफुलभाऊ रोज आठवण करतात. अठ्ठावीसला जाईल म्हटलं.

२५ मार्च, मंगळवार

जाळल्याचा दाखला आला. सोबत, जाळण्याआधी पुडकं सोडून काढलेला फोटो. हा मात्र लख्ख. पांढरं टेबल, बाजूला पट्टी ठेवलेली, आणि सगळ्या वस्तू ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीपुढे नंबर. जणू खुनाचा खटला.

एक — तांदूळ. दोन — हळकुंड. तीन — सुपारी. चार — खोबऱ्याची वाटी. पाच — जांभळा खण, पोपटी काठ, काठावर बारीक पोपट.

ओटी!

करणी नाही, तस्करी नाही, नागपूर नाही. ओटी! आमच्या घरातून वर्षाला डझनभर भरल्या जातात त्यातलीच एक. मी दोन आठवडे पर्वतावर अग्नी शोधत होतो आणि समोर कुणीतरी उदबत्ती लावून ठेवली होती.

पण ओटी कुणाची? वच्छलाबाई कशाला कुणाची ओटी भरतील? आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. 'पहिल्यांदा घराभाईर चालली वस्तू, अन् कोरडीच पाठोता?' मोठ्या बाई! मी दारात अडवलं म्हणून मागच्या बाजूनं, वच्छलाबाईंच्या हातून, मोठ्या बाईंनी कंटेनरचीच ओटी भरली. लेक सासरी निघाल्यासारखी. आणि मालकाच्या आईचं नाव वच्छलाबाई घेणार कशा?

झालं. सुटलं. आता फक्त पुरावा.

२६ मार्च

पुरावा मिळाला! पूनमला फोटो दाखवला. कसला फोटो, ते सांगितलं नाही. एका क्षणात ओळखला खण.

"हा तं मीच देल्ला होता, मोठ्या बाईले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाले."

"नक्की?"

"हे पोपट पाहा नं सर. मले कोनीतरी देल्ला, मले तो शिवाचा नव्हता. पोपट घालून कोन फिरीन? मंग मी पुढं सरकवला."

हेलनबाईंना बांबूचा माग हवा आहे, कुठल्या हातून कुठल्या हातात गेला. इथे खणाचा माग बांबूपेक्षा पक्का आहे! एकही बाई विसरलेली नाही.

उद्या मोठ्या बाई.

२७ मार्च, गुरुवार

प्रफुलभाऊंना घेऊनच गेलो. त्यांना आधी सगळं सांगितलं होतं. ते इतके घाबरलेले की आईपुढे बसलेसुद्धा नाहीत. मोठ्या बाई झोपाळ्यावर वाती वळत होत्या.

मी फोटो पुढे धरला. "मोठ्या बाई, हा खण ओळखता?"

चष्मा लावला. "पूनमनं देल्लेला. पोपटाचा."

"आणि ही ओटी?"

"हो, ओटीच तं हाय. तुमाले ओटी ओळखू येत नाई का, पंडितजी? एवढं शिकून?"

"ती कंटेनरमध्ये सापडली. तुम्ही भरलीत ना कंटेनरची ओटी? मी दारात अडवलं म्हणून?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग प्रफुलभाऊंकडे. मग खदखदा हसायला लागल्या, झोपाळा हलायला लागला. "कंटेनरची ओटी! प्रफुल, तुमाले दोघाले येड लागलं का रे? लोखंडाची कोनी ओटी भरते? तुमी नाई म्हटलं, मी नारळ भाईर फोडला, माह्या डोक्यातून गेलं!"

"मग खण?"

"खन का माह्याजवळ थोडी राह्यते. मी पुढं देल्ला."

"कुणाला?"

"तुमच्याच घरी! रंजीताले. तिनंच मागतला. जांभळा पाह्यजे म्हणे, पोरीले—" आणि इथे मोठ्या बाईंनी जीभ चावली. अगदी समोर, वात हातात धरून. झोपाळा थांबवला.

"पोरीला काय?"

"काई नाई."

"मोठ्या बाई, वच्छलाबाईंचं काम जाऊन राह्यलं यापायी."

हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी प्रफुलभाऊंकडे बघितलं आणि प्रफुलभाऊ दोन पावलं मागे सरकले. "त्या बाईले घरी बसवलं? होळीपासून? अन् मले सांगतलं नाई?" मग माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम मऊ झाला. "घरी जा, पंडितजी. बायकोले इचारा. अन् जरा गोडीनं इचारा."

घरी आलो. रंजीता वेलदोडे सोलत होती. समोर बसलो आणि हे लिहितो आहे. ती म्हणते, "काय लिहून राह्यले एवढं? माह्याकडं पाहून पाहून?"

वही मिटतो आता.

२८ मार्च

दिव्यानीला सातवा लागला आहे.

तिसऱ्यात पेढे वाटणाऱ्या माणसाला सातव्यातच सांगायचं, असं दोघींनी ठरवलं होतं. पाडव्याला सांगणार होत्या. कुरिअरवाल्यानं तांदूळ, हळकुंड घेतलं नाही, म्हणून वच्छलाबाईंच्या हातून, टोपलीतून. लेक हेलनबाईंच्या दुकानात जाऊन लाल दोऱ्याची टोपली विकत घेणार होती. दोन आठवडे रोज जाऊन बघत होती — आला का माल.

वच्छलाबाईंचं कळल्यावर रंजीतानं आधी त्यांना फोन लावला, मग माझ्याशी बोलली. मेलबर्नला पत्र गेलं. पुडकं माझ्या घरचं, माझ्या बायकोचं. वच्छलाबाई पाडव्यानंतर टेबलाशी. प्रफुलभाऊ स्वतः आणायला जाणार आहेत, आईला घेऊन.

रंजीताला सगळं सांगितलं. एक सोडून. त्वरित जाळावे, परत नको — ते कुणी लिहिलं, ते अजून सांगितलेलं नाही.